गुंडूरावांचा परवाना

तो अर्ज मी लिहिला. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी चिडेन तेव्हा त्यात मी स्वतःलाही धरलं आहे हे लक्षात राहील.

गुंडूराव हे चिकपेटेतले जुने रेडिओ मेकॅनिक. त्यांच्या मराठी बोलणाऱ्या घरात माडीवरच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. पुण्याहून मराठीत एम.ए. करून मी बंगळूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायला आलो होतो. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, मीही म्हणू लागलो. वय सदुसष्ट. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर. दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली होती. टेस्टर तसाच होता.

अण्णांचा एक नियम होता. पूर्वी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे. त्याचं एक पुस्तक असे आणि दर वर्षी पोस्टात जाऊन त्यावर शिक्का मारून घ्यावा लागे. बरेच लोक टाळायचे. मेकॅनिकला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. अण्णांना होतं. कुणी रेडिओ आणला की ते आधी पुस्तक मागत. शिक्का जुना असला तर सेटचा एक स्क्रूही फिरवत नसत. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाई. पेठेतले बाकीचे मेकॅनिक त्यांना पोस्टमास्तर म्हणत.

त्यांच्या पत्नी भागीरथीबाई, सगळ्यांच्या अक्का. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "लग्नात माझ्या वडलांनी रेडिओ दिला. ह्यांनी पंधरा दिवस लावला नाही. पुस्तक अजून वडलांच्याच नावावर आहे म्हणे."

तेव्हा मी हसलो होतो.

त्यांची मुलगी वाणी तिशीची होती. एका नर्सिंग होममध्ये कागदपत्रं सांभाळायची, ते बंद पडलं आणि दोन वर्षं घरी बसून होती. नव्याण्णवच्या सप्टेंबरात तिला घरबसल्या काम मिळालं. अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर तपासलेल्या रोग्यांबद्दल बोलून ठेवायचे. त्या आवाजाच्या फाइली सकाळी सहाला इंटरनेटवरून यायच्या. कानाला हेडफोन लावून ते सगळं टाइप करायचं आणि दुपारी बाराच्या आत परत पाठवायचं. वाणी यात फार तयार होती. कान अण्णांचा. अण्णा नुसत्या घरघरीवरून कुठला व्हॉल्व्ह गेला ते सांगत. वाणी सांगायची, हा डॉक्टर खाताना बोलतो, ह्याला स्वतःला सर्दी झाली आहे.

कंपनीची अट एकच होती. पहिले तीन महिने परीक्षेचे. तेवढ्यात तीनदा काम उशिरा गेलं की नाव कमी. तीन महिने नीट गेले तर कायम. वाणीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर डिसेंबरच्या चोवीस तारखेला पेन्सिलनं गोल केला होता.

अडचण टेलिफोनची होती. फोन अण्णांच्या नावावर होता, पण तो जुन्या दुकानात. दुकान घराच्या समोर, गल्ली ओलांडून. तिथं आता वेणुगोपाल नावाचा ब्लाउजपीसचा व्यापारी भाड्यानं होता. फोन घरी हलवण्याचा अर्ज अण्णांनी अकरा महिन्यांपूर्वी दिला होता. लाइनमन येऊन सूचक हसून गेला होता. अण्णा त्याच्या हातावर काही ठेवणार नव्हते, त्यामुळं फोन हलणार नव्हता.

वाणीनं आधी कॉम्प्युटर दुकानातच मांडला. गठ्ठ्यांच्या मागं स्टुलावर बसून ती अमेरिकन डॉक्टर ऐकायची आणि पुढं बायका रंग जुळवायच्या. शिवाय दुकान उघडायचं साडेदहाला. वेणुगोपालनं पहाटेच्या किल्ल्या दिल्या असत्या, पण त्याचा माल लाखांचा होता आणि त्याच्या भागीदाराला ते पटलं नाही. मग अण्णा चार दिवस हुबळीला बहिणीकडं गेले असताना वाणीनं इलेक्ट्रिशियनला बोलावून दुकानातून घरापर्यंत गल्लीवरून फोनची वायर ओढून घेतली. काम चालू झालं. अण्णा परत आले. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी वायर पाहिली. विचारलं, कुणाच्या परवानगीनं. दुसऱ्या दिवशी स्वतः शिडी लावून त्यांनी ती उतरवली, गुंडाळली आणि वाणीच्या हातात दिली. वाणीचा पहिला उशीर त्या दिवसाचा. मग ती पुन्हा गठ्ठ्यांच्या मागं बसून साडेदहा ते बारा धावपळ करू लागली.

मी तेव्हाच काही बोलायला हवं होतं.

दसऱ्याला अण्णांचा भाचा वासुदेव अमेरिकेहून आला. सगळं ऐकून तो म्हणाला की वायरच नको. परत गेल्यावर त्यानं एका मित्राबरोबर दोन डब्या पाठवल्या. एक फोनच्या वायरीला लावायची. दुसरी, काडेपेटीच्या दुप्पट आकाराची, कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबीच्या खाचेत खुपसायची. मध्ये काही नाही. रेडिओच्या लहरी.

रेडिओ हा शब्द ऐकून अण्णा खुर्चीतून उठले.

त्या दिवसाइतके खूश मी त्यांना पुन्हा पाहिले नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवून माहितीपुस्तिका वाचायला लावली. मी वाचत होतो, मराठीत सांगत होतो, ते मान डोलावत होते. सीडी घातली, ड्रायव्हर चढवला, पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा दिवा आला. वाणीनं नंबर फिरवायला लावला. समोरच्या दुकानातल्या डबीनं फोन उचलला आणि तिचं किरकिरणं इकडं स्पीकरमधून ऐकू आलं. अक्कांनी दोन्ही डब्यांना हळदकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दिवा लाल. साडेदहाला आपोआप हिरवा. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी पुस्तिकेतलं अडचणींचं पान तीनदा वाचलं. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. वासुदेवला ईमेल केली. अण्णा मात्र खिडकीत बसून दुकानाकडं बघत राहिले. साडेदहाला वेणुगोपालनं शटर वर ढकललं आणि आत वाणी म्हणाली, आला.

"पुस्तक मिट," अण्णा मला म्हणाले. "लोखंड आडवं येतंय."

त्यांनी शिडी घेतली. शटरच्या वर भिंतीत एक झरोका होता, विटेएवढा. बासष्ट साली दुकान घातलं तेव्हा एरिअलची तार आत घ्यायला त्यांनी तो स्वतः पाडला होता. फोनची वायर माळ्यापर्यंत नेऊन त्यांनी डबी त्या झरोक्यात बसवली. मग घरी येऊन कॉम्प्युटर खिडकीशी ओढायला लावला. कपड्यांचं लोखंडी कपाट आम्ही तिघांनी मिळून दुसऱ्या भिंतीला सारलं. यूएसबीची डबी त्यांनी लांब वायरीवर घेऊन खिडकीच्या गजांबाहेर टांगली, वर प्लास्टिकची पिशवी. पुढच्या सकाळी सहाला शटर बंद होतं आणि दिवा हिरवा होता.

महिनाभर एकही उशीर झाला नाही. अण्णा रोज सहाला उठून दिवा बघायचे आणि मग दात घासायला जायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर कोरे कागद, पेन.

"इंग्रजी तुझं चांगलं," म्हणाले. "एक अर्ज लिही. वायरलेस सेट घरात आहे, परवाना मिळावा."

मला वाटलं थट्टा आहे. मी म्हणालो की अण्णा, हा कॉम्प्युटरचा भाग आहे, कीबोर्डसारखा. ते म्हणाले की कीबोर्ड गल्लीपलीकडं बोलत नाही. हा आवाज बाहेर सोडतो. ऐकायच्या रेडिओला पुस्तक लागत होतं, तर बोलणाऱ्याला लागणारच. कायद्यात ते बरोबर होते, ते नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की चोवीस डिसेंबरला चार आठवडे उरले आहेत.

वाणी दारात उभी होती. ती म्हणाली, "चोवीसनंतर द्या, अण्णा. एवढंच सांगते."

"महिना झाला चालवतोय," अण्णा म्हणाले. "तोच जास्त झाला."

मी नाही म्हणू शकत होतो. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, अर्ज आणखी आठवडाभर लांबला असता. पण मी पेन उचललं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. एक म्हातारा माणूस आपल्या नियमासाठी असा उभा राहतो, यात मला काहीतरी भव्य वाटलं. साहित्य शिकलेल्या माणसाला असल्या गोष्टी पटकन भव्य वाटतात. मी छान इंग्रजी लिहिलं. डब्यांचं वर्णन, लहरींची वारंवारता, दोन्हींमधलं अंतर. एकही प्रश्न विचारायची गरज पडू नये असं.

सोमवारी मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. अण्णांनी यूएसबीची डबी रुमालात बांधून घेतली होती. ते कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. लांब व्हरांडा, तीन टेबलं फिरल्यावर एक हयवदन नावाचे कारकून भेटले. निवृत्तीला आलेले, कपाळावर अंगाऱ्याची उभी रेघ. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. डबी हातात घेऊन बघितली. मग आजूबाजूला बघितलं आणि कन्नडमध्ये हळू आवाजात बोलले.

"सर, ह्याला आमच्याकडं फॉर्म नाही. तुम्ही ही वस्तू मला दाखवलीच नाही. घरी जा, कॉफी घ्या."

मी अण्णांचा दंड धरला. इतक्या वर्षांत कुठल्या सरकारी टेबलावर इतका चांगला माणूस त्यांना भेटला नसेल.

"दाखवली की," अण्णा म्हणाले. "ही काय, तुमच्या टेबलावर आहे."

हयवदननी पुन्हा समजावलं. आयातीचा कागद विचारतील, बिल विचारतील, वरचे साहेब नवीन आहेत. अर्जावर एकदा आवक शिक्का पडला की कागद माझ्या हातात राहत नाही. अण्णांनी शांतपणे सांगितलं की त्यांना शिक्काच हवा आहे. हयवदननी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी शिक्का मारला.

बाहेर आल्यावर अण्णा पोचपावतीची घडी खिशात ठेवत म्हणाले, "सरी, झालं. आता मन हलकं."

माझ्या मनात त्या क्षणी काय होतं ते मला आठवत नाही. आठवलं असतं तर इथं लिहिलं असतं.

अकरा डिसेंबरला, शनिवारी, सकाळी अकराला दोन माणसं आली. पत्र होतं. विनापरवाना वायरलेस यंत्र, आयातीची कागदपत्रं नाहीत, पुढील निर्णयापर्यंत जप्त. माणसं वाईट नव्हती. चपला बाहेर काढून आली. एकानं महजर लिहायला घेतला. इकडं पंचनाम्याला महजर म्हणतात. दुसऱ्यानं विचारलं की यंत्र कुठं आहे.

वाणी कॉम्प्युटरसमोर होती. शेवटची फाइल चालू होती. ती हेडफोन गळ्यात घेऊन उठली आणि त्यांना म्हणाली की बारापर्यंत थांबा, एवढं पाठवते, मग न्या. तो माणूस लगेच हो म्हणाला. मोठ्याला विचारलं, त्यानंही मान हलवली. म्हणाला, लिहायलाच अर्धा तास लागेल, चहा झाला तर बरं. अक्का आत वळल्या.

"नाही," अण्णा म्हणाले. "जप्त झालेली वस्तू वापरायची नसते."

आणि त्यांनी स्वतः, त्या माणसांनी नव्हे, कॉम्प्युटरच्या मागं हात घालून डबी उपसली. पडद्यावर काहीतरी पाटी आली आणि गेली. मग खिडकीबाहेरून वायर आत घेतली, पिशवी काढली, डबी कापडानं पुसली. गल्ली ओलांडून गेले, शिडी लावली, झरोक्यातली दुसरी डबी उतरवून आणली. दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून त्यांनी त्या माणसांच्या हातात दिल्या. सुतळीची गाठ सुद्धा नीट मारली. मला त्या गाठीचा इतका राग आला की मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

माणसं गेली तेव्हा बाराला पाच कमी होते.

मी बाहेर आलो तर वाणी अण्णांच्या समोर उभी होती. रडत नव्हती. तिनं एका कागदावर कंपनीतल्या बाईचा नंबर लिहिला होता.

"आता तुम्ही फोन करा," ती म्हणाली. "सांगा त्यांना, उशीर कुणामुळं झाला."

अण्णांनी कागद घेतला. आम्ही तिघं वेणुगोपालच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकांच्या गर्दीत, निळ्या-हिरव्या कापडांच्या ढिगाशी उभं राहून अण्णांनी नंबर फिरवला. आपण गुंडूराव, वाणीचे वडील, असं इंग्रजीत सांगितलं. मग कायदा समजावायला लागले. पलीकडची मुलगी वीस-बावीसची असावी. आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. तिनं दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग गोड आवाजात म्हणाली की अंकल, हा दुसरा उशीर. आणखी एक झाला तर मी काही करू शकणार नाही. रूल सगळ्यांना सारखाच, अंकल.

अण्णांनी रिसीव्हर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही. वेणुगोपालनं हळूच विचारलं की अण्णा, पाणी देऊ का.

त्या दिवशी घरात कुणी त्यांच्याशी बोललं नाही. मीही नाही. वाणीच्या पुढच्या फाइली मंगळवारी सकाळी सहाला येणार होत्या.

रविवारी पेठ बंद असते. हातगाड्या नाहीत, गठ्ठे नाहीत, शटरं खाली. सकाळी आठला अण्णांनी माझं दार वाजवलं. अंगात बनियन, खांद्यावर वायरीचं वेटोळं. वाणीनं लावलेली आणि त्यांनी उतरवलेली तीच वायर. दुसऱ्या हातात एक पत्र्याचा डबा. त्यात चिनी मातीची अंड्याएवढी इन्सुलेटरं होती, एरिअल टांगायची, चाळीस वर्षं जुनी.

"चल, शिडी धर."

मला खरंच समजलं नाही. मी विचारलं, "परवानगी?"

"शिडी धर म्हटलं ना."

शनिवारी संध्याकाळी वेणुगोपालला सांगून त्यांनी माळ्यावरची वायर झरोक्यातून बाहेर काढून ठेवली होती. ते शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढले. खाली मी पूर्ण वजन टाकून उभा होतो आणि घाबरलो होतो. सदुसष्ट वर्षांचा माणूस एका हातानं भिंत धरून दुसऱ्या हातानं तारेला पीळ घालत होता. समोरून अक्का खिडकीत येऊन म्हणाल्या, "पडलात तर त्याला पण अर्ज करा म्हणावं." अण्णांनी वळून पाहिलं नाही. दोन्ही टोकांना इन्सुलेटर, मध्ये आधाराची तांब्याची तार, तिच्यावर फोनची वायर दर वीतभर अंतरानं बांधलेली. सुबक काम. साडेअकराला वायर खिडकीतून आत आली. अण्णांनी ती कॉम्प्युटरच्या जुन्या मोडेमला जोडली आणि बाजूला झाले.

वाणीनं सगळं पाहिलं होतं. तिनं रिसीव्हर लावून डायलटोन ऐकला, ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

मंगळवारी तिचं काम अकरा चाळीसला गेलं. बुधवारी त्याच्याही आधी. चोवीस डिसेंबरला कॅलेंडरवरच्या गोलाशेजारी तिनं काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी ईमेल आली, कायम झाल्याची. तिनं ती अक्कांना वाचून दाखवली आणि मला. अण्णा खिडकीत होते. त्यांना ऐकू गेलंच असेल.

ते त्या दिवसांत खिडकीतच असत. आधी मला वाटलं वायरीकडं लक्ष ठेवतात. मग ध्यानात आलं की ते वाट बघत होते. कुणीतरी यावं, वर बघावं आणि विचारावं, ही कुणाची वायर, कुणाच्या परवानगीनं. त्यांचं उत्तर तयार होतं. एकदा ते मला ऐकवलंही, आवाज चढवून, जसं काही मीच विचारलं होतं. वायर माझी. परवानगी नाही. वर्षभर मागितली. काय करायचं ते करा.

पोलीस येऊन गेले. महानगरपालिकेचा माणूस घरपट्टीचा कागद द्यायला आला. वीजबिलवाला आला. वायर सगळ्यांच्या डोक्यावर होती, भर गल्लीत. कुणी वर पाहिलं नाही. त्या गल्लीत आधीच सोळा वायरी होत्या. मी मोजल्या. अण्णांनीही मोजल्या असतील.

वर्ष संपायच्या दोन दिवस आधी तो लाइनमन आला. तोच, हसून गेलेला. वेणुगोपालचा शेजारी फोन बंद पडल्याची तक्रार करत होता. लाइनमन खांबावर चढला, उतरला, आणि जाताना थांबला. त्यानं वर पाहिलं. नजर झरोक्यापासून वायरीवरून हळूहळू आमच्या खिडकीपर्यंत आली. अण्णा उठून उभे राहिले. दोन्ही हात गजांवर. मान ताठ. त्यांचा श्वास मला मागून ऐकू येत होता.

लाइनमननं त्यांना ओळखलं. हात कपाळाला लावला.

"सर," तो खालून कन्नडमध्ये म्हणाला, "मध्ये झोळ पडलाय. स्वल्प वर घ्या. गठ्ठ्याच्या गाडीला लागेल."

आणि सायकलवर बसून गेला.

अण्णा तसेच उभे होते. मला वाटलं ते हसतील, किंवा त्याला हाक मारतील. त्यांचा चेहरा मी बाजूनं पाहिला आणि एक पाऊल मागं सरलो. वीसेक वर्षं त्यांनी लोकांचे सेट न उघडता परत पाठवले होते. बायकोचा रेडिओ पंधरा दिवस बंद ठेवला होता. मुलीचा हात चालू असताना डबी उपसली होती.

"विचारणारच नव्हतं कुणी," ते म्हणाले. मला नाही. गल्लीला.

मग त्यांनी खिडकीची दोन्ही दारं इतक्या जोरानं ओढली की बाहेर वायर थरथरली. आत वाणीनं हेडफोनचा एक कान उचलून इकडं पाहिलं. तिच्या कानातला डॉक्टर थांबला नव्हता. तिनं कान पुन्हा लावला आणि टाइप करू लागली.